कुद्राच्या वाळूत भाईचं हरीण

पहिली आली ती भाबी, दोन्ही हातांत पिशव्या, आणि एकटीच. मी विचारलं, भाई कुठाय? तर म्हणते, लिफ्टमध्ये माझ्या पुढेच तर उभा होता. झोया, माझी नात, खाली पळाली आणि दुसऱ्या मजल्यावरून त्याला हाताला धरून घेऊन आली. लोक उतरले तसा हाही उतरला, आकडा दिसलाच नाही. कुणा अनोळखी बाईच्या दारावर टकटक करत होता. वर मलाच म्हणतो, "फातिमा, तू दार का उघडत नाहीस म्हणून मी रागावलो होतो."

आम्ही हसलो, पण भाबी हसली नाही. मग स्वयंपाकघरात तिने हळूच सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं खलास झालंय, उजव्याचं किती दिवस ते डॉक्टरही सांगत नाहीत.

माझा हा थोरला भाऊ दापोलीकडचा नावाजलेला शिकारी. मे महिन्याच्या संध्याकाळी डोंगरातल्या झऱ्यावर भेकराची वाट बघत बसायचा, आणि आम्ही घरी मसाला वाटून बसायचो, इतका भरवसा. पुढे कायदा आला, बंदूक गेली. त्याला त्याचं दुःख नाही. पण इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घरी चहा पिताना तो म्हणाला, हरीण एकदा बघायचंय. पिंजऱ्यातलं नको, मोकळं. सलीम, माझा मुलगा, म्हणाला, मामू, अल कुद्राला, वाळवंटातल्या तळ्यांकडे जाऊ, दिसलं तर दिसलं. शुक्रवारी त्यांचं विमान होतं आणि तो बुधवार होता. म्हणजे मोकळी संध्याकाळ एकच, गुरुवारची.

आता जाणाऱ्यांसाठी सांगते. उन्हाळ्यात साडेचारच्या आत निघू नका, उन्हात हरीण काय, मुंगीही बाहेर पडत नाही. आमच्याकडून पाऊण तास लागतो, रस्ता मक्खन. तळ्यांच्या जवळ डांबर संपतं आणि खडीचा रस्ता लागतो. छोटी गाडी असेल तर खडी सोडू नका, वाळू चाक गिळते. तिकीट नाही. पेट्रोल आणि वाटेतला करक चहा धरून साठ दिरहम झाले. भाबीने लगेच हिशेब केला, चौदाशे रुपये, एवढ्यात आमच्याकडे आठवड्याची मासळी येते. पाणी भरपूर न्या. मी खिमा-पाव आणि सांदणं घेतली होती, त्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका, सगळी झोयाने खाल्ली. आणि हरणाला काही खायला घालू नका, पाठलाग तर मुळीच करू नका, इथे कायदा फार कडक आहे.

तळ्याच्या पलीकडे गाफच्या झाडाखाली तीन हरणं होती. सलीमने गाडी बंद केली. भाईला काही दिसेना, झाडच तेवढं दिसत होतं. तो म्हणाला, जवळ जाऊ, मी नेतो तसं चला. ओळीने निघालो, तो आणि मी पुढे, त्याचा हात माझ्या खांद्यावर. पन्नास पावलंही झाली नसतील, हरणांनी एकदम माना वर केल्या आणि पळाली. झोया म्हणाली, "दादी, दे आर गॉन."

भाई थांबला. माझ्या ओढणीचं टोक त्याने नाकाशी धरलं.

"फातिमा, तू आम्हाला धूर दिलास?"

दिला होता. घरातून निघताना पाहुण्यांच्या कपड्यांना कोळशावरच्या सुगंधी बखूरचा धूर द्यायचा, ही इथल्या अरब शेजारणींची रीत, मी पण उचललीय. भाऊ इतक्या वर्षांनी आलाय म्हणून त्या दिवशी दुप्पट टाकला होता. वारा आमच्या पाठीवरून थेट हरणांकडे. अत्तराचं दुकान चालत येतंय असं त्यांना वाटलं असणार.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाई ओरडला नाही. मूठभर वाळू उचलून सोडली, कुठे उडते ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, वळसा घालू. सलीम घड्याळ बघत होता, सूर्य बुडायला वीस मिनिटं. गोम अशी की उजेड कमी झाला की हरीण बाहेर येतं, आणि भाईला दिसतं ते उजेड असेपर्यंतच.

मोठा वळसा घालून, वारा तोंडावर घेऊन, आम्ही एका उंचवट्यामागे पोटावर पडलो. मी, गुडघ्यांची ही अवस्था असून, पोटावर. वाळू तव्यासारखी तापलेली. भाबी मगरीबच्या नमाजची वेळ होतेय म्हणून कुजबुजली, भाईने तिचा हात दाबला. सूर्य अर्धा बुडाला. मी मनात म्हणत होते, या अल्ला, आता तरी.

मग एकच हरीण आलं. लहानसं, पांढऱ्या पोटाचं, हलकं पाऊल टाकत. झोयाने फोन वर केला. मी भाईकडे बघितलं. तो उजवा डोळा बारीक करून बघत होता, पण नेमकं कुठे, ते मला कळेना. उजेड गेला, हरीणही गेलं.

"दिसलं का रे?"

"दिसलं. डावं शिंग अर्ध्यात मोडलंय त्याचं."

मला दोन्ही शिंगं धड दिसली होती. हा लहानपणापासून असाच, माझ्याकडून काही सांडलं तरी अम्मीला सांगायचा, मीच सांडलं. तिथेच चटई पसरून आम्ही नमाज पढलो. परतताना सगळे बडबडत होते, मी मात्र ओढणीला अजून तो वास येतोय का ते हुंगत होते. माझ्या बखूरने त्याची एकुलती एक संध्याकाळ गेली, आणि तोच मला सांभाळून घेतोय.

घरी येऊन झोयाने फोटो टीव्हीवर मोठा केला. सलीम उठून जवळ गेला, मी चष्मा लावून गेले. डावं शिंग, अर्ध्यात मोडलेलं. भाबीने तोंडावर पदर धरला. भाई सोफ्यावर बसून चहात खारी बुडवत होता, टीव्हीकडे त्याने बघितलंही नाही.

आता कपड्यांतला बखूर उतरला, गुडघा मात्र अजून बोलतोय, बोलू दे. शुक्रवारी दोघं गेले. पुढच्या खेपेला धूर न देता ने म्हणाला, आणि डोळ्याने साथ सोडली तर तू सांग, मी ऐकेन. भाबीने विमानतळावरच परत यायचा दिवस ठरवून टाकला: ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, संध्याकाळच्या विमानाने.