काळ्या दारावरचा पंजा

तिसऱ्यांदा रंग मारला आणि तिसऱ्यांदा पंजा वर आला. ठेकेदारांच्या काळ्या गाडीचं मागचं दार. पाचही बोटं पसरलेली, रंगाखालून फुगून आलेली. मी चांद्यात गाड्यांना रंग मारायचो. भुताखेतांशी आपला व्यवहार नव्हता. तरी त्या सकाळी पॉलिशचं फडकं खाली ठेवलं.

लाकडाच्या ठेकेदारांना संशय ड्रायव्हर देवाजीचा.

"हाच ओल्या रंगाले हात लावून राह्यला. पुन्हा पंजा दिसला तं याची नोकरी गेली समजा."

ते गेल्यावर देवाजी रडवेला झाला. "मी नाई लावला जी, मिस्त्रीभाऊ. हा तिचा हात आहे."

"कोणाचा?"

देवाजीनं सांगितलं, आलापल्लीच्या रस्त्यावर वाघानं एका बाईला नेलं होतं. तिथे दगडांचा ढीग आहे. येणारा-जाणारा त्यावर एक दगड टाकतो, मगच पुढे सरकतो. त्या दिवशी पाऊस होता, मालकांनी गाडी थांबवू दिली नाही. ढिगापुढच्या वळणावरच फांदीनं दार खरवडलं.

"दगड नाई टाकला. ती संगं आली."

मी हसणार होतो, पण हसू आलं नाही. खरं सांगतो, भीती वाटली.

आजवर मी वरचाच रंग घासत होतो. खालचं अस्तर, म्हणजे प्रायमर, तसंच ठेवत होतो. या वेळी पार पत्र्यापर्यंत गेलो. देवाजी दाराकडे पाठ करून बसला. अस्तर निघालं आणि पत्र्यावर तांबूस पंजा दिसला. गंजाचा होता. एका बोटाच्या मुळाशी आडवी पट्टी तेवढी कोरी.

माझा जीव भांड्यात पडला. घामात मीठ असतं. उघड्या पत्र्याला घामट हात लागला तर आधी काहीच दिसत नाही. वरून रंग मारला की आतल्या आत गंज धरतो आणि रंग उचलतो.

"माझ्याकडे यायच्या आधी दाराला कोणी हात लावला?"

"लाकडाच्या डेपोतल्या सुतारानं खरवडलेलं दार घासून कोरं केलं. मंग मालक बसले न् सीधे इथी आलो."

संध्याकाळी ठेकेदार आले. "झालं का?" म्हणत सवयीनं दारावर हात टेकला. हात नेमका पंजावर बसला. बोटावर बोट. जाड अंगठी कोऱ्या पट्टीवर.

"मालक, हात बघा."

त्यांनी हात उचलला, खाली पाहिलं, पुन्हा ठेवला. मी घामाचं, गंजाचं सगळं समजावलं. त्यांचा चेहरा उतरतच गेला.

"मले तं हात लावल्याचं आठवतच नाई," ते म्हणाले. मग हळूच, "देवाजी, तो ढीग कुठी आहे रे?"

देवाजीची नोकरी टिकली. गंज घासला, पत्रा थिनरनं पुसला, नवा रंग दिला. पंजा पुन्हा आला नाही. पुढे गाडी पॉलिशला आली की डिकीत नदीतले गोटे असायचे. मालक स्वतः निवडून ठेवायचे, देवाजी सांगायचा.

उघड्या पत्र्याला हात लावू नये. आणि डिकीत गोटे ठेवायचेच तर खाली गोणपाट घालावं. रंगाला चरे पडतात.