कॅसेटीचा नंबर

डहाणू रोड स्टेशनसमोरच्या कॅसेटवाल्याला गाण्याचं नाव सांगून उपयोग नसे. कंपनीने कॅसेटीच्या कडेवर छापलेला नंबरच तो विचारी. भिंतभर कॅसेटी त्या नंबरांनीच लावलेल्या. मलाही तो "सातशे एकवाले मास्तर" म्हणे. नाव त्याने कधी विचारलंच नाही. मला ते खटकायचं.

एकदा तलासरीकडची एक बाई घरी भरलेली कॅसेट घेऊन आली. तिला नक्कल हवी होती.

"नंबर?" त्याने सवयीने विचारलं.

"नंबर नाय, शेट. माझा घरवाला तारपा वाजवतो त्यात. यंदा गेला तो."

त्याने खडखडणारा पंखा बंद केला आणि उभ्यानेच सगळं ऐकलं. मग दोन नकला केल्या. "एक इथे राहू दे. तुझी खराब झाली तर ये." चुकून वर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून त्याने तिन्ही कॅसेटींच्या मागच्या पट्ट्या तोडल्या.

"नाव सांग त्याचं."

बाईने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार?

"बरं, तुझं सांग."

"लखमी."

पुढे कॅसेटींवर बारकोडच्या काळ्या रेघा आल्या. त्या भिंतीवर मात्र एका कॅसेटीच्या कडेला शेवटपर्यंत त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: लखमीचा घरवाला.