शेवंताची मच्छरदाणी

आज सकाळपर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही. कचारगडच्या जत्रेत दरवर्षी देवापुढे डोकं टेकलं, बाकी सगळं बोललो आणि हे तेवढं पोटात ठेवून परत आलो. आता मात्र हात थांबत नाही. लिहिताना अक्षर वाकडं येतं आहे — येऊ द्या. तुम्ही समजून घ्याल.

आधी आनंदाचं सांगतो. माझी नात रोशनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. मी पणजोबा होणार! आज उपकेंद्रात तिची महिन्याची तपासणी होती. बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका लहानशा पट्टीवर टाकला, आणि ती बाकावर बसून होती तोवरच नर्सबाईने सांगितलं, मलेरिया नाही. वजन वाढलं आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. ताप नसला तरी दर तपासणीला रक्त बघायचं, असं आता आमच्या जंगलपट्टीत असतं. आधी काचेवरचं रक्त तालुक्याला जायचं आणि उत्तर येईतो ताप माणसाला खाऊन टाकायचा. रोशनीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी तर अंगणात टाळ्याच वाजवल्या. रोशनी हसली आणि तिथून मिळालेली औषधाची मच्छरदाणी तिने खाटेवर फेकली. तिची आई शेवंता — माझी सून — म्हणाली, आजपासून यात झोपायचं.

"मले गरमते," रोशनी म्हणाली. "तू बी त नोहती झोपत. मग मलेच काऊन सांगून राहिली?"

शेवंताने मान खाली घातली. आणि मी? मी चहाचा कप खाली ठेवला.

कारण रोशनीचं ते वाक्य माझं आहे. मीच ते या घरात सोडलं होतं.

रोशनीच्या आधी शेवंताला पहिले दिवस गेले होते. तेव्हाच्या नर्सबाईने पोटुशी बाई म्हणून तिला अशीच औषधात भिजवलेली मच्छरदाणी आणून दिली आणि मला बजावलं — मामाजी, या दिवसांत हिवताप आला तर आईचंही रक्त जातं आणि पोटातल्याचंही. मी मान डोलावली. मला समजलं नव्हतं का? समजलं होतं.

शेताच्या वर आमची बोडी आहे, पावसाचं पाणी धरायचं लहान तळं. धान पोटरीवर, कणीस फुटायच्या बेताला आलं की तिचं पाणी बांधीत, खालच्या धानाच्या वाफ्यात, सोडतात. पाणी सुटतं त्या तोंडाशी जाळं लावायचं आणि मासोळी शेजारपाजारी वाटायची, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी माझं जाळं उंदरांनी कुरतडलं होतं. माणसं जमली होती, वाट बघत होती. मी घरात आलो — शेवंता नदीवर धुणं धुवायला गेली होती — आणि तिच्या खाटेवरची मच्छरदाणी सोडून घेतली. दोन दिवसांत धुऊन बांधू, असं मनाशी म्हणालो.

काय मासोळी लागली! नखाएवढे झिंगेसुद्धा सुटले नाहीत. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. शेजारचा सोमा म्हणाला, "भाऊजी, मासोळीची पोरं बी नाही सोडली तुमी!" सगळे खदखदून हसले. मीही. शेवंतानेच ते झिंगे रांधले आणि मला दोनदा वाढले.

मच्छरदाणी चिखलाने जड झाली, खेकड्यांनी फाडली. ती मी धानाच्या तणसाच्या ढिगात कोंबली. शेवंताने एकदा विचारलं. बघू, म्हणालो. दुसरी मागायला गेलो असतो तर पहिलीचं काय झालं ते सांगावं लागलं असतं.

मग तिला थंडी वाजून ताप आला. नर्सबाई घरी आली. मच्छरदाणी कुठे आहे, विचारलं. ओसरीत माझी बायको होती, दोन शेजारणी होत्या. मी म्हणालो, "तिले गुदमरते मनते. तिनंच काढून टाकली."

शेवंता आतच होती, गोधडीखाली कुडकुडत. तिने ऐकलं. सासऱ्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती — हे मला ठाऊक नव्हतं का? त्याच भरवशावर तर बोललो. नर्सबाई तिच्यावर रागावली. मूल दिवस भरायच्या आधी झालं, तळहातावर मावेल एवढं. मुलगा होता. रडलाही नाही.

त्यानंतर माझ्या बायकोने तिला कधी सुखाने जेवू दिलं नाही. एवढीशी जाळी सोसली नाही हिला, माझा नातू गिळला — सणावारी, पाहुण्यांपुढे, सारखं तेच. मी तिथेच बसून भात कालवत असे.

आज सकाळी मी उभा राहिलो आणि रोशनीला सगळं सांगितलं. तुझ्या आईने काढली नव्हती, मी नेली होती. माझा मुलगाही दारात उभा होता. रोशनी माझ्याकडे न बघता उठली आणि मच्छरदाणीच्या दोऱ्या बांधू लागली. शेवंता सुपातला तांदूळ निवडत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मामीजी जित्या होत्या तवा सांगाचं होतं, मामाजी."

खरं आहे. तिच्या मामीजींनी, म्हणजे माझ्या बायकोने, मरताना शेवटचं पाणीही शेवंताच्या हातून घेतलं नाही. तोंड फिरवलं. शेवंताने पेला माझ्याकडे दिला, आणि मी तो काही न बोलता घेतला.