म्हादबाचे वाक्य

ही हकीकत मी आजवर कोणापाशीही उच्चारलेली नाही. पत्नीपाशी नाही, मुलीपाशी नाही, अंबाबाईसमोर हात जोडून उभा असतानाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? ते मलाही नीटसे सांगता येणार नाही.

आपण मला पाहिले असेल. कोल्हापुरात कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांत चिंचेखालचे दुसरे टेबल माझे. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज फेटाळताना अधिकारीही दोनदा विचार करतो, असे लोक म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मुलीने टीव्हीवर एक विलायती चित्रपट लावला. बोलणे हिंदीत केलेले. फार जुनी, खरी घटना म्हणे. देवमाशाच्या तेलासाठी निघालेले जहाज एक देवमासाच फोडतो, आणि उरलेले खलाशी लहान होड्यांतून महिनोन्महिने भरकटतात. जगण्यासाठी जे करू नये तेही करतात. मुलगी डोळ्यांवर हात घेत होती. मी मात्र वाट पाहत होतो — वाचलेला माणूस परत आल्यावर काय सांगतो, एवढ्याचीच.

परतल्यावर चौकशी बसते. जहाजाचे मालक त्या खलाशाला बाजूला घेतात — दोष सुकाणू धरणाऱ्याचा होता असे लिहून दे. तो मेला आहे, त्याचे काय बिघडणार? मी मनात म्हणालो, दे लिहून. सगळेच देतात. त्या क्षणी तो परका गोरा मनुष्य मला सख्ख्या भावासारखा वाटला. आणि तो भर सभेत उभा राहिला — आणि खरे बोलला.

मला दगा दिल्यासारखे झाले. ज्याला आपल्यातला मानला, तोच उलटला. मी टीव्ही बंद केला.

"पप्पा, संपतच आलतं की," मुलगी म्हणाली.

"खोटं आहे सगळं," मी म्हणालो.

खोटे काय होते? सांगतो. सांगायलाच बसलो आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी राधानगरीकडे, धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत अर्ज लिहून देण्यासाठी जात असे. टाइपरायटर लोखंडी पेटीत घालून नेत असे. त्या पेटीमुळे मान मिळे. येण्याजाण्यास म्हादबाची होडी — लहान, जुनी. त्या दिवशी परतताना होडीत वाडीतली सोनाबाई आधीच दुधाचे दोन कॅन घेऊन बसली होती. म्हादबाने माझी पेटी उचलून पाहिली आणि काठावर ठेवली.

"पावणं, पेटी दुसऱ्या खेपंला आणतो."

"आणि एस.टी. चुकली तर?"

"चुकंल की. माघारी चला, वाडीत काय जेवान मिळत न्हाय व्हय?"

सोनाबाई हसली. "घे रं म्हादबा. सायबाची पेटी म्हंजे नवी नवरी, एकटी मागं कशी ऱ्हाईल?"

त्या हसण्याने मला डिवचले. केवळ हसण्याने. मी म्हणालो — शब्द जसेच्या तसे देतो — "तुझ्या होडीला परवाना आहे का? एक अर्ज टाकला, तर वल्हं घरात टांगावं लागेल."

म्हादबाने माझ्याकडे पाहिले. मग पेटी उचलून होडीत ठेवली.

मध्यावर वारा उठला. पेटी एका अंगाला सरकली आणि तिच्यामागे होडी कलंडली. मला पोहता येत नाही. म्हादबाने माझ्या हाती वल्हे दिले, मला ओढत काठाशी आणले आणि सोनाबाईसाठी माघारी वळला. दोघेही परत आले नाहीत.

चौकशीला आलेल्या साहेबांना मी स्वहस्ते जबाब लिहून दिला. 'पेटी दुसऱ्या खेपेस आणावी असे मी बजावूनही नावाड्याने ती हट्टाने होडीत घातली.' पाहिलेत? म्हादबाचे वाक्य मी माझ्या तोंडी घातले आणि माझा हट्ट त्याच्या माथी मारला. खोडून काढायला कोण उरले होते?

सोनाबाईच्या माणसांनी म्हादबाच्या घराशी बोलणे तोडले. त्याच्या बायकोला, हौसाबाईला, मी सांगितले — वाऱ्याने झाले, मावशी. कागदावर साहेबांनी काहीबाही लिहिले. तिने विश्वास ठेवला. तेव्हापासून रेशनकार्ड असो वा वीजजोडणी, तिचा प्रत्येक अर्ज माझ्याच टेबलावर. म्हणे, "भाऊ, त्येंच्यासंगं शेवटी तुमीच हुतासा."

चित्रपट रविवारी पाहिला. त्याच आठवड्यात, मंगळवारी, ती आली. होडीच्या जागी आता पूल झाला आहे. तेथे बुडालेल्यांच्या नावाचा दगड बसवायचे ग्रामपंचायतीत ठरले होते — त्यावर नाव एकट्या सोनाबाईचे. म्हादबाचेही कोरावे, असा अर्ज तिला हवा होता.

"जड भरायची त्येंची रीत न्हवती, भाऊ. तुमाला तर ठावं हाय."

मला ठाऊक होते. तरी मी लिहिले, 'मयताच्या हातून घडलेला अपराध उदार अंतःकरणाने क्षमा करून...' — कारण माझ्या जुन्या जबाबाशी विसंगत काही लिहिणे मला परवडणारे नव्हते. तिला वाचून दाखवताना ती ओळ वगळली. तिने अंगठा दिला.

ग्रामसभेत तो अर्ज सरपंचांनी मोठ्याने वाचला, अख्खा. ती तिथेच बसली होती. नाव कोरण्याचे मंजूर झाले. लोकांनी मोठ्या मनाने माफ केले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"माफी कुणी मागितली? म्या न्हाय मागितली."

मी म्हणालो, "मावशी, अर्जाची भाषा तशीच असते."

ती शेजारच्या टेबलाशी जाऊन बसली. "माझ्या मालकांनी काय बी गुन्हा केल्याला न्हाय, आसं लिवा," तिने तिथल्या लिहिणाऱ्याला सांगितले. त्याने लिहिले, वाचून दाखवले. "परत वाचा," ती म्हणाली. त्याने परत वाचले. मग विचारले, "आजी, याला साक्षीदार कोण हाय काय?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

आमच्यात चार हातांचे अंतर होते. मी टेबलावरचे कोरे कागद सरळ करत राहिलो.