माळ्यावरून मारलेली हाक

नातवंडं काश्मीरला जाऊन आली आणि मला मोबाइलवर बर्फाचे फोटो दाखवू लागली. मी म्हटलं, एवढ्यासाठी इतकं भाडं कशाला खर्च केलंत? पांढरी झालेली जमीन मी आमच्या शेतात पाहिली आहे, तीही फुकट. म्हटलं खरं, पण फुकट काही नव्हतं ते.

महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. लग्नानंतरचा माझा पहिला हिवाळा. सासरचं शेत मोताळ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या अगदी कडेला. ज्वारी दाण्यावर आली होती, म्हणून पाखरं राखायला मी माळ्यावर, म्हणजे चार मेढींवर बांधलेल्या मचाणावर उभी असे. हातात गोफण, शेजारी टांगलेला तेलाचा रिकामा डबा. त्या दिवशी सासूबाई आणि घरधनी मोताळ्याच्या बाजाराला गेले होते. शेतात मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोघंच. ते खालच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्याकडे पाठ करून अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांचा एक गुडघा धरलेला आणि डावा कान आधीपासून जड. उठायचं तर काठी लागे आणि दोनदा देवाचं नाव.

आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नसे. मी तर सहा महिन्यांत त्यांच्यापुढे ओठ उघडला नव्हता. त्यांना पाणी हवं असलं की ते भिंतीला सांगत आणि मी तांब्या ठेवून, पदर ओढून निघून जाई. सून कशी गरीब गाय आहे, असं गाव म्हणे. त्या तारिफेची मला चटक लागली होती, खोटं कशाला बोलू.

दुपार कलली आणि डोंगराकडून वारा सुटला. अंगाला झोंबणारा, गार. माळा करकरू लागला, ज्वारी आडवी व्हायला लागली. मागे वळून पाहिलं तर आभाळ जांभळंकाळं आणि त्याच्या खाली एक पांढरा पडदा सरकत येत होता. शेजारच्या शेतातलं बोरीचं झाड बघता बघता त्यात गडप झालं. टिनावर खडी ओतावी तसा आवाज येत होता. गारा होत्या, आणि मामाजी उघड्यावर. बैलांचा कोठा त्यांच्यापासून चाळीसेक पावलांवर. धडधाकट माणसाला ते काहीच नाही, पण त्यांना आत्ताच उठायला हवं होतं.

मी काय केलं? डबा बडवला. जीव तोडून बडवला. त्यांनी मागे न बघता हात वर केला, म्हणजे शाबास, पाखरं उडव. मग मी गोफणीने त्यांच्या पुढ्यात दगड टाकला. त्यांनी परत हात केला. त्या गधडीला, म्हणजे मला, अजूनही तोंड उघडवेना. पहिली गार माझ्या मनगटावर बसली तेव्हा कुठे घसा मोकळा झाला.

"मामाजी, गारा! कोठ्यात चला!"

त्यांना ऐकू आलं. पण ते उठले नाहीत, इकडेतिकडे पाहू लागले. हा आवाज कोणाचा, हेच त्यांना कळेना. कळणार कसं? त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. माझ्यावर नजर पडेपर्यंत पडदा त्यांच्यावर कोसळला.

मी टांगलेला डबा ओढून घेतला, खाली उडी मारली आणि धावले. आवळ्याएवढ्या गारा पाठीत बसत होत्या, पायाखाली जमीन निसटत होती. मामाजी काठी शोधत गुडघ्यावर बसलेले, उजव्या कानातून रक्त. मी त्यांच्या डोक्यावर डबा पालथा धरला, पदर कुठे गेला ते पाहिलं नाही, आणि काखेत हात घालून त्यांना ओढत कोठ्यात नेलं.

बाहेर सगळं खडेमीठ अंथरल्यासारखं पांढरं झालं होतं. रक्ताळलेल्या कानावर हात दाबत ते म्हणाले, "डब्बा वाजला तं मले वाटलं, पाखरं आले. हाक आधीच काऊन नाही मारली वं, बाई?"

मी मान खाली घातली. मग त्यांनीही घातली. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

उजवा कान गेला तो गेलाच. डाव्याने पुरुषांचा आवाज त्यांना नुसता घुमल्यासारखा येई, माझा चिरका आवाज मात्र कळे. महिनाभराने त्यांनी सासूबाईंना सगळ्यांदेखत सांगितलं, "सुनेले म्हणा, जोरात बोलत जाय. तिचंच समजते मले." बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

पुढे बारा वर्षं मी त्या माणसाशी ओरडून बोलले. गावाने गरीब गाईची तोंडाळ सून केली, मी ऐकून घेतलं. रोज सकाळी चहा घेऊन गेले की त्यांच्या कानाशी वाकून "मामाजी!" अशी हाक मारायची. ते हसून बशी पुढे करत, आणि मला रोज वाटे, ही हाक त्या दुपारची आहे, आत्ता पोचते आहे.