दाबून बसवलेलं पाणथळ

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी जन्मभर पुस्तकांची बांधणी केली. छापखान्यामागच्या खोलीत खळ शिजवून शिजवून त्यांच्या बोटांची कातडी जाड झाली होती. भावजी म्हणायचे, "हिच्या हाताला जे लागलं ते चिकटलं. माझंच बघा ना."

भावजींचा जीव मात्र गावाबाहेरच्या पाणथळात. रोज सकाळी तिकडे जायचे आणि चिखलाचे बूट घेऊन घरात शिरायचे. त्यावरून दोघांची रोजची बाचाबाची. जाऊबाई स्वतः कधी तिकडे फिरकल्या नाहीत. पुढे भावजींची नजर गेली, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. त्याच सुमाराला पाणथळात भराव टाकायला ट्रक यायला लागले. भावजी खिडकीशी बसून राहायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत.

मग जाऊबाईंनी ठरवलं, पाणथळच घरी आणायचं. हाताने बघता येईल असं, एका मोठ्या फळीवर. भराव पोचला नव्हता त्या कडेवरून त्या चिखल, लव्हाळे, शिंपले, पिसं घेऊन आल्या. चिखल चहाच्या गाळणीने गाळला. आता चहा कशाने गाळायचा, हे विचारायची माझी टाप नव्हती. पुस्तकांच्या कापडाला चुण्या घालून लाटा केल्या, लव्हाळे उभे केले, वर पाण्यासारखं मेण ओतलं. आणि शेवटी सगळं पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घालून कसलं. बांधलेलं पुस्तक रात्रभर दाबाखाली ठेवतात, नाहीतर फुगतं. त्यांच्या हातांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

सकाळी फळी बाहेर काढली तर दिसायला देखणी. मीही छान म्हणून मोकळी झाले. भावजींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"मस्त," ते म्हणाले. "पुठ्ठा अगदी सपाट बसलाय. कुठलं पुस्तक?"

जाऊबाई स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर नळ सोडून नुसत्याच उभ्या.

"त्यांना कळलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातांनी चेपलं मी."

नवीन करायचं म्हणून लगेच आम्ही दोघी पाणथळाकडे गेलो. ती कड उरलीच नव्हती. दगड, विटांचे तुकडे आणि त्यावरून फिरणारा रोलर. लव्हाळ्याची एक काडी मिळाली नाही.

आता जे काही होतं ते त्या फळीवर. निदान लव्हाळे तरी सोडवून घ्यावेत म्हणून घरी येताच जाऊबाई बांधणीची सुरी घेऊन फळीपाशी जमिनीवर बसल्या आणि मेणाचा थर उचकटायला लागल्या. मेणाखाली चिखल अजून ओलाच होता. खोलीभर कुबट, गार वास पसरला.

खिडकीशी बसलेले भावजी ताठ झाले. चाचपडत आले, खाली बसले आणि उचकटलेल्या जागी त्यांनी बोटं खुपसली. बराच वेळ तशीच ठेवली.

"अजून आहे ते?" त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या चपलांवरची विटांची लाल धूळ झटकायचीही राहिली होती.

"आहे," त्या म्हणाल्या. "एका कडेला."

"मग उद्या मला ने," भावजी म्हणाले. चिखलातली बोटं त्यांनी बाहेर काढली नाहीत. "बुटांवरून भांडायचं नाही पण."