एका नावाची जागा

दादाशी माझं समोरासमोर झालेलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण. "दिवसभर मशीनवर असतोस आणि चार ठोके सारखे धरता येत नाहीत तुला?" असं मी त्याला म्हणाले होते. त्यानंतर फोन झाले दोन-चार, पण ते चार्जर कुठे राहिला, बारशाला कोण जातंय असले. ते काय बोलणं म्हणायचं?

तो रविवारी गिटार घेऊन वाशीला माझ्या घरी आला होता. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि त्यानं एक खूळ डोक्यात घेतलं होतं. आमची आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात देवांना, पितरांना बोलवायची जी गाणी असतात ते धवले ती गाते, पन्नासेक वर्षं गातेय. पण हल्ली हळदीला डीजे एवढा बोंबलतो की आईचं गाणं शेजारच्या बाईलासुद्धा ऐकू येत नाही. तर दादाचं म्हणणं, मी गिटार वाजवतो, तू कॉम्प्युटरवर त्याच्याखाली ढोलकी टाक, ते डीजेच्याच स्पीकरवर लावू आणि आईच्या हातात माइक देऊ. बघू कोण ऐकत नाही ते.

मी हेडफोन त्याच्या कानाला लावला आणि क्लिक सुरू केली. क्लिक म्हणजे सारख्या अंतरानं वाजणारी टिकटिक, तिच्या बरोबर वाजवलं की पुढे त्यावर ढोलकी बसवणं सोपं जातं. दोन ओळींत गडी टिकटिकीच्या मागे पडला. परत घेतलं, परत मागे. तिसऱ्यांदा त्यानं हेडफोन काढून गादीवर टाकला. "मना नाय जमत हे. मी आईला आठवून वाजवतंय, तुजी ही पाल मधीच चुकचुकते." मग मी ते मशीनचं वाक्य बोलले. तो हसला नाही. टिकटिक बंद कर म्हणाला, सलग एकदा वाजवून रेकॉर्ड करून घेतलं, गिटार पिशवीत घातलं आणि चहा न घेता गेला. मी पण म्हटलं, जा.

तिसऱ्या आठवड्यात रबाळ्याच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडताना तो कोसळला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

लग्न वर्षभर पुढे ढकललं. वर्षश्राद्ध झालं, नवी तारीख धरली, आणि पुतणी माझ्याकडे आली. "आत्या, हळदीला पप्पांचं गिटार लावशील?" एवढंच म्हणाली. नाही कसं म्हणणार? वर्षभर मी त्या रविवारची फाइल उघडली नव्हती.

आता माझा धंदा सांगते, म्हणजे माझ्या हातून काय झालं ते कळेल. महापेच्या एका कंपनीत मी ऑनलाइन धड्यांचे आवाज साफ करते. शिकवणाऱ्यानं श्वास घेतला, काढ. अडखळला, काप. दोन वाक्यांत जास्त थांबला, जवळ आण. दिवसाला सहा-सहा तास मी लोकांचे श्वास कापत असते. हाताला तीच सवय.

दादाचं वाजवणं पडद्यावर उघडलं आणि तीच सवय कामाला लागली. प्रोजेक्टचा, म्हणजे अख्ख्या गाण्याचा, टेम्पो एकच ठरवला, सुरुवातीला त्याचा होता तोच, आणि त्याचा एकेक ठोका ओढून टेम्पोच्या रेघेवर आणून बसवला. जिथे हळू झाला होता तिथे पळवला. मध्ये एका ठिकाणी तो चक्क थांबला होता, तीनेक सेकंद नुसती शांतता. म्हटलं, विसरला असणार बिचारा. ती शांतता कापून टाकली. खाली ढोलकी बसवली. खरं सांगू? मला वाटलं मी त्याच्यासाठी काहीतरी करतेय. माफी मागतेय, असंही वाटलं.

गावच्या घरी जाऊन आईला ऐकवलं. ती खुर्चीत ताठ बसली, पदर सारखा केला आणि गायला लागली. पहिली ओळ झाली. दुसरीला श्वास घेईतो गिटार पुढे गेलं. तिनं गाठायला घाई केली, शब्द गिळले, खोकला आला. "परत लाव." परत लावलं. चौथ्यांदा ती अर्ध्यातच थांबली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

"माजा दम सरला गो बाय. पोर एवढा सरळ वाजवतंय न् मनाच जमत नाय." मग वहिनीला हाक मारून म्हणाली, "पलीकडच्या गावातली धवलारीन सांगा. माज्याच्यानं नाय व्हायचं."

पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या पोरी गाऊन लग्नाला उभ्या केल्या तिनं, आणि स्वतःच्या नातीच्या हळदीला दुसरी बाई बोलवा म्हणाली. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आई, वर्षभर गायली नाहीस, म्हणून होतंय असं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. "तो असा पलायचा नाय," ती म्हणाली. "मी गायला बसले का तो माज्या तोंडाकडं बघून वाजवायचा."

अरे देवा! दिवसभर कापते तेच मी इथे कापलं होतं.

मोबाइलमध्ये त्याची मूळ फाइल होती, हात न लावलेली. ढोलकी नाही, काही नाही, नुसतं गिटार. ती लावली. आईनं डोळे मिटले आणि गायला लागली, आणि एकदाही अडखळली नाही. दर दोन ओळींनंतर गिटार किंचित सैल व्हायचं आणि तेवढ्यात तिचा श्वास भरून व्हायचा. चढाच्या ओळीआधी तर जास्तच सैल, तिथे तिला दम पुरत नाही म्हणून. आई तर त्या रविवारी माझ्या घरी नव्हती. ती तिथे नसताना तो तिच्या श्वासाची वाट बघत वाजवत होता आणि मी त्याला विचारत होते की चार ठोके धरता येत नाहीत का!

मग ती शांतता आली. गिटार थांबलं. आईनं बाबांचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. एरवी तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही, अजूनही "तुजा बाप" म्हणते. पण घरातलं जे माणूस गेलं, त्याला धवल्यात नाव घेऊन बोलवायचं आणि त्या वेळी वाद्य थांबवायचं, हा आमच्या घरचा रिवाज. मी विसरले होते. माझ्या लग्नात बाबा हयात होते, थांबायची वेळच आली नव्हती. दादा विसरला नव्हता.

बाबांचं नाव झालं आणि गिटार बरोबर सुरू झालं. आई मात्र गायची थांबली. गिटार एकटंच पुढे वाजत राहिलं. मी बंद केलं.

"एकाचीच जागा ठेवलीय त्यानी," ती म्हणाली. "आता दोगं हायत ना."

वहिनी उठून आत गेली. मी आणि आई रडलो. रडलो म्हणजे काय, भडभडून रडलो.

वाशीला येऊन मी सगळं पुसलं आणि नव्यानं सुरू केलं. या वेळी गिटार टेम्पोवर नाही बसवलं, प्रोजेक्टचा टेम्पो गिटारवर बसवला. म्हणजे ऐकायचं आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला बोटानं खूण करायची, तो हळू झाला की प्रोजेक्टनंही हळू व्हायचं. दोन संध्याकाळी लागल्या. ढोलकीही मग आईच्या श्वासाला थांबायला लागली. त्याचं काहीही हलवलं नाही. त्या शांततेची जागा मात्र वाढवावी लागली. किती, ते मोजायला आईला फोन केला आणि म्हटलं, दादाचं नाव घे, धवल्यात घेशील तसं. पहिल्यांदा तिला जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिनं पूर्ण घेतलं आणि मी घड्याळात बघून तेवढी रिकामी जागा त्याच्या गिटारात घातली.

लहानपणी दादा गिटार घेऊन बसला की आई जेवायला हाका मारून दमायची. तीन, चार, पाच हाका. हा ओ देईल तर शपथ.

हळदीच्या दिवशी डीजेवाल्यानं आमची फाइल लावली. पुतणी पाटावर, अंगभर हळद. आईच्या हातात माइक. गाणं त्या जागेपाशी आलं, ढोलकी थांबली, गिटार थांबलं, मांडवात कोणी हलेना. आईनं बाबांचं नाव घेतलं. मग दादाचं घेतलं, न थरथरता, जेवायला बोलवायची त्याच आवाजात.

आणि गिटार सुरू झालं. पहिल्याच हाकेला ओ दिली त्यानं.